‘उबदार आवाज’ म्हणजे नेमका कसा?

प्रश्न असा आहे : एका कंपनीसाठी तीन सेकंदांची ओळखधून तयार करताना क्लायंटने लेखी कळवले की, ‘आवाज उबदार आणि विश्वासार्ह हवा.’ ‘उबदार आवाज’ हा प्रयोग मराठीत चालेल का, आणि त्यावरून संगीतकाराने काय समजावे?

प्रयोग चालेल. आवाजाला हे विशेषण लावण्याची पद्धत इंग्रजीच्या वळणाने आलेली दिसते, पण ऐकणाऱ्याला आशय कळतो. मात्र ‘उबदार’ हा शब्द आवाज ऐकून मनावर काय परिणाम व्हावा तेवढेच सांगतो. तो आवाज कसा असावा, हे सांगत नाही.

ही अडचण मराठीपुरती नाही. ‘विंडोज ९५’ सुरू होताना वाजणारी धून ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी केली होती. १९९६ च्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितले की, त्यांच्याकडे आलेल्या टिपणात प्रेरक, आशावादी, भावपूर्ण अशा विशेषणांची लांबलचक यादी होती आणि अखेरीस धून ३.२५ सेकंदांची असावी अशी अट होती. त्यांनी ८४ तुकडे तयार केले. त्यांनी सांगितलेल्या त्या टिपणातल्या अपेक्षांत मोजता येण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे लांबी.

आवाजाचे अंग सांगणारे शब्द मराठीत भरपूर आहेत आणि ते वापरात आहेत, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. गाणे शिकवणारे आणि वाद्ये बनवणारे भरदार, गोल, पातळ, टोकदार, किनरा, खणखणीत असे भेद रोज करतात. आघातानंतर रेंगाळणाऱ्या नादाला ते ‘आस’ म्हणतात. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणत्कार) लावताना घोडी, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती पट्टी, आणि तार यांच्यामधला दोरा किंचित मागेपुढे सरकवतात. तेवढ्याने तीच तार कधी मिटलेली वाटते, तर कधी झणत्काराने भरून येते. म्हणून ‘जवारी जरा बंद ठेवा, आस लांब असू द्या’ या वाक्यावरून जाणकार संगीतकार थेट कामाला लागू शकतो.

क्लायंटला हे शब्द ठाऊक नसले तरी अनुकरणवाचक शब्द प्रत्येकाला येतात, आणि त्यांची घडण फार नेमकी आहे. ‘खट’ आणि ‘खण’, ‘ठक’ आणि ‘ठण’, ‘टक’ आणि ‘टण’ या जोड्या उच्चारून पाहाव्यात. ‘ट’ किंवा ‘क’ ने संपणारा आवाज तिथेच तुटतो, तर ‘ण’ ने संपणारा घुमत राहतो. दाराची कडी ‘खट’ वाजते, नाणे ‘खण’ वाजते. शब्दातला स्वर बदलला की आवाजाची उंचीही बदलते : ‘टिंग’ बारीक आणि वरचा, ‘ढम’ जाड आणि खालचा. ब्रिटानियाची धून लोक ‘टिंग टिंग टिडिंग’ अशीच सांगतात, आणि ती ऐकलेल्याला एवढे पुरते.

तेव्हा संगीतकाराने ‘उबदार’ या शब्दावर वाद न घालता क्लायंटला विचारावे की, आवाज ‘टण’ हवा की ‘ठक’, वरच्या पट्टीतला की खर्जाकडे झुकणारा, लगेच थांबणारा की आस असलेला. माझा अंदाज असा की, ‘उबदार’ म्हणणाऱ्याला बहुधा खालच्या पट्टीतला, गोल, टोक नसलेला आणि हळूहळू विरणारा आवाज अभिप्रेत असतो. तरीही दोन नमुने ऐकवून ते ताडून घ्यावे. ‘विश्वासार्ह’ या शब्दाचा मात्र आवाजाशी असा सरळ संबंध लावता येत नाही. त्यासाठी क्लायंटला विश्वासार्ह वाटणारी एखादी प्रत्यक्ष धूनच मागवून घ्यावी.

पुढे ही धून व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायची असल्यास केवळ शब्दांतले वर्णन पुरत नाही : भारताच्या २०१७ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३० सेकंदांची एमपी३ ध्वनिफीत आणि तिचे स्वरलेखन, दोन्ही द्यावी लागतात.