सप्तरंगी, किराईत, भुईआवळा, गुळवेल: मधुमेह आणि फॅटी लिव्हर असताना एकत्र काढा घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की बाबा ६२ वर्षांचे, फोंड्याला असतात, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, एसजीपीटी (रक्तातलं यकृताचं एन्झाइम, यकृत दुखावलं की वाढतं) ७८ आलंय. तर शेजाऱ्यांनी सांगितलेला या चार वनस्पतींचा काढा द्यावा का?

चारही एकत्र नको. उद्या एसजीपीटी वाढलं तर दोष कुणाचा, हे कळायला मार्गच उरत नाही.

गुळवेल, म्हणजे आपली अमृतवेल, आधी बाजूला काढा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद केली. वेल ओळखण्यात चूक झाली असेल, असा वाद त्यावर झाला. पण आधीच सुजलेल्या यकृतावर तो प्रयोग कशाला? भुईआवळ्याचं नाव झालं ते १९८८ मधल्या मद्रासच्या अभ्यासामुळे. तो हिपॅटायटिस बीवर होता, चरबीवर नव्हे, आणि पुढच्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. किराईत कडू आहे म्हणून साखर उतरते, हा निव्वळ समज. शिवाय त्यातलं मुख्य कडू द्रव्य, अँड्रोग्राफोलाइड, पाण्यात फारसं उतरत नाही, म्हणून काढा आणि कॅप्सूल यांची मात्रा एका मापाने मोजू नका.

उरली सप्तरंगी. हिच्यात मला दम वाटतो. तिच्यातलं सॅलॅसिनॉल आतड्यात पिष्ट आणि साखर फोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, मधुमेहाच्या अकार्बोज गोळीसारखंच. श्रीलंकेत तिच्याच जातभाईच्या चहाची ५१ रुग्णांवर चाचणी झाली (२००५), त्यात एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) थोडं कमी आलं. थोडंच, म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

डॉक्टर हो म्हणाले तर मुळीची भरड १० ग्रॅम, पाणी १६० मिली, मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत आटवा, स्टीलच्या भांड्यात. गाळून निम्मा दुपारच्या, निम्मा रात्रीच्या जेवणाआधी. काम जेवणातल्या भातावर होतं, त्यामुळे सकाळी अनशापोटी घेऊन उपयोग नाही. रोज ताजा करा. सुरुवातीला पोट फुगतं, वारा सरतो. जुलाब लागले तर मात्रा निम्मी करा.

मुळी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घ्या की गांधीकडून (जडीबुटीच्या दुकानातून), आडवी कापून बघा: आत वलयं दिसली पाहिजेत. पावसाळ्यात ओल धरलेली, पांढुरकी बुरशी आलेली मुळी उन्हात वाळवून वापरू नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचंच वैरी, आणि ते उकळून जात नाही. फेणीत मुरवलेली मुळी तर नकोच.

ग्लिमेपिराइडमुळे रक्तातली साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर सुरू झाली तर साखर किंवा लाडू देऊन चालणार नाही. सप्तरंगी ती साखर फुटू देत नाही. ग्लुकोजची पावडरच घरात ठेवा, १५ ग्रॅम पाण्यातून.

सुरू करण्याआधी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, मग चार आठवड्यांनी पुन्हा. एसजीपीटी दुप्पट झालं, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासना गेली तर काढा त्याच दिवशी बंद, आणि उरलेली मुळी पिशवीत घालून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) डॉक्टरांना दाखवा.

यकृतावरची चरबी मात्र वजनानेच हटते, सात ते दहा टक्के उतरवलं तर. त्यासाठी गार्सिनियाच्या कॅप्सूल आणू नका, त्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. कोकम त्याच कुळातलं, पण सोलकढी खुशाल प्या.