मोबाईलची फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून हवा काढली तर चालेल का?

अजिबात नको! ती साधी हवा नसते हो, आतलं इलेक्ट्रोलाइट (बॅटरीतलं रासायनिक द्रव) खराब होऊन झालेला गॅस असतो आणि तो पेट घेतो. आत बॅटरीची प्लस नि मायनस बाजू वेगळी ठेवणारा केसापेक्षा पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो फाटला की आतल्याआत शॉर्ट होऊन काही सेकंदात धूर नि जाळ, 2016 मध्ये सॅमसंगने नोट 7 फोन परत मागवले ते बॅटरीतल्या शॉर्टमुळेच, आणि ते तर कोणी टोचलेही नव्हते. चार्जिंग बंद करा, फोन स्विच ऑफ करून गादी-पडद्यापासून लांब फरशीवर ठेवा. उचललेलं कव्हर दाबून बसवू नका, लोक रबरबँड लावून वापरतात ते बघून खरंच भीती वाटते. सर्व्हिस सेंटरला द्या, घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना तिथल्या माणसांसमोर पेटेल.