हसत राहा, पॉझिटिव्ह राहा छाप उपदेशाची आणि बायकांवरच्या दबावाची खिल्ली उडवणारी रस्त्यावरची कला कुठे आहे का?

आहे की! मला सगळ्यात आवडतं ते गुरिल्ला गर्ल्सचं १९८८ चं पोस्टर. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९८४ ला एक मोठं प्रदर्शन भरलं होतं, दीडशेच्या वर कलाकार आणि त्यात बायका फक्त तेरा. त्यावरून डोकं फिरलेल्या काही जणींनी १९८५ मध्ये हा ग्रुप काढला, काम गनिमी काव्याचं म्हणून नाव गुरिल्ला आणि तोंडावर मुखवटे मात्र गोरिलाचे, म्हणजे कोण आहे ते कळायलाच नको. रात्री न्यूयॉर्कमधल्या सोहो भागातल्या भिंतींवर पोस्टर चिकटवायच्या.

तर हे पोस्टर म्हणजे 'बाई कलाकार असण्याचे फायदे' अशी साधी यादी, चित्रबित्र काही नाही. फायदे कसले, तर यशाचं टेन्शन न घेता काम करता येतं, वयाच्या ऐंशीनंतर करिअर चालेल ही आशा असते, कुणी जीनियस म्हणून लाजवत नाही, आणि कलेच्या जगातून सुटका हवी तर चार फ्रीलान्स कामं आहेतच 😄 अशा तेरा ओळी. कुठेही आरडाओरडा नाही, 'तुमच्याकडे काय आहे ते बघा' वाल्या पुस्तकाचाच गोड सूर धरलाय आणि म्हणून ते जास्त झोंबतं.

दुसरं म्हणजे तात्याना फझलालिझादेह या चित्रकार बाईचं 'बायकांना हसायला सांगणं बंद करा' हे पोस्टरचं काम, न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिनमध्ये २०१२ ला सुरू झालेलं. रस्त्यात छेड काढली जाते त्याबद्दल ती बायकांशी बोलते, त्यांचे चेहरे काढते, खाली पुरुषांना उद्देशून एखादं वाक्य टाकते आणि खळ लावून भिंतीवर डकवते, म्हणजे जिथे त्रास होतो त्याच रस्त्यावर. हे विनोदी अजिबात नाही, पण मला जास्त जवळचं वाटतं कारण 'चेहरा पाडून काय बसलीयेस, जरा हस की' हे मी घरी, ऑफिसात, एकदा तर रिक्षात पण ऐकलंय (रिक्षावाल्याला काय करायचंय माझ्या चेहऱ्याशी देव जाणे). तिच्या पोस्टरवरच्या बायका सरळ तुमच्याकडे बघतात, हसतबिसत नाहीत.

गुरिल्ला गर्ल्सचं ते पोस्टर बघायचं असेल तर लंडनच्या टेट म्युझियमच्या वेबसाइटवर आहे. हो, आता ते म्युझियमच्याच संग्रहात जाऊन बसलंय.