तुझ्या माळ्यावरच्या वस्तूंविषयी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. माळाभर मांडलेले दिवे, कुलपं, पितळी डबे. 'काका, याचं संग्रहालय होईल का?' असं विचारलं आहेस. ते नंतर बघू. आधी पुण्याला ये आणि शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय सावकाश बघ. शाळेच्या सहलीत बघितलं असशील, तर ते धरायचं नाही.

गर्दी मस्तानी महालापाशी असते. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून तो इथे उभा केला, हे कौतुकाचंच. पण तुझ्या कामाचं आहे ते अडकित्त्यांच्या कपाटात. सुपारी कातरायची, काम तेवढंच. पण घडवणाऱ्याने त्याच दोन पात्यांतून पक्षी काढलेत, प्राणी काढलेत, माणसं काढलीत. मग वज्र्या बघ. टाचा घासायची वस्तू, खालून खरबरीत, आणि धरायला वर पितळी पाखरू! न्हाणीघरातल्या वस्तूवर एवढी हौस कोण करतं?

आणि असल्या वस्तू जमवतं तरी कोण? केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. 'अज्ञातवासी' नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास जमवायला लागले, तेव्हा संग्रह म्हणजे नाणी, शस्त्रं, पोथ्या अशीच समजूत होती. हे गृहस्थ लोकांच्या घरातले दिवे, दौती, पानदानं मागत फिरले, आणि पत्नी कमलाबाईंनी संसार सांभाळून त्यांना साथ दिली. मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं आहे. पुढे सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला. वस्तू वीस हजारांच्या आसपास, मांडलेल्या जेमतेम अडीच हजार. तू मात्र चौदाच्या चौदा कंदील एका ओळीत लावलेस. तीन ठेव, बाकीचे पेटीत.

आता जरा रागावतो. फोटोतल्या त्या छोट्या झाकणाच्या डबीला तू 'दागिन्यांची डबी' अशी चिठ्ठी लावली आहेस. आत बोट फिरव, पांढरं लागेल. ते चुनाळं आहे रे! पान खाणाऱ्या कुठल्याही आजीला दाखवलं असतंस तर तिने क्षणात सांगितलं असतं. म्हणून वही कर. वस्तू घरात आली की त्याच दिवशी लिहायचं: गाव कुठलं, घर कोणाचं, त्या घरात तिला काय म्हणत, किती पैसे दिले. उद्यावर टाकलंस की गेलं.

आणि घासूपुसू नकोस. तुझ्या वयाचा असताना मी एक जुना तांब्या भांड्यांच्या दुकानातून बफ मारून आणला. असा लखलखला म्हणतोस! बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव होतं, गावासकट. ते साफ गेलं. तांब्या अजून आहे माझ्याकडे. कोणाचा, ते आता कोण सांगणार?

पत्रात जी दगडी मूर्ती घ्यायची म्हणतोस, तिचा मोह सोड. शंभर वर्षांपलीकडच्या मूर्तींना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, नोंदणी करावी लागते. आणि देवळातली मूर्ती 'स्वस्तात' देणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये.

रविवारी येऊ नकोस, अडकित्त्यांपुढे निवांत उभं राहता येत नाही. येताना ते चुनाळं आण. झाकण कसं बसतं, ते मला हातात घेऊन बघायचंय.

तुझा,
काका