मेडिकल कॅनबिसची डिस्पेन्सरी वस्तीत आली तर आसपासच्या लोकांना खरंच काही उपयोग होतो का?

पेन्सिल्व्हेनियात तुमच्या टाउनशिपमध्ये अशी डिस्पेन्सरी येऊ घातली आहे, शेजारी तिला ‘औषधाच्या नावाखाली गांजाचं दुकान’ म्हणतायत आणि येत्या बैठकीत बाजूने बोलावं की विरोधात, हे तुमचं ठरत नाहीये. मी याच राज्यात एका डिस्पेन्सरीत फार्मासिस्ट आहे, त्याआधी बरीच वर्षं नेहमीच्या फार्मसीत होते. म्हणजे माझा पगार या धंद्यातून येतो. ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

उपयोग होतो, पण दुकान उघडलं म्हणून आपोआप होत नाही. काउंटरपलीकडचा माणूस तुम्हाला किती वेळ देतो आणि कुणाला ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं तोंडावर सांगतो, यावर सगळं अवलंबून आहे. रोजगार, देणग्या, थँक्सगिव्हिंगला वाटलेल्या टर्की हे चांगलंच आहे, पण ते कुठलंही दुकान करू शकतं.

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला थेट माल मिळत नाही. आधी फार्मासिस्टशी बोलणं होतं. एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई लेकीबरोबर आल्या. गुडघ्यांचा जुना संधिवात, रात्रीची झोप नाही. मी नेहमीप्रमाणे चालू औषधं विचारली, तर लेकीने पर्समधून झिपची पिशवी काढली आणि नारिंगी डब्या एकेक करून टेबलावर मांडल्या. रक्तदाबाची, थायरॉइडची, आणि शेवटच्या डबीत वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध. कॅनबिसमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो, रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकतं. सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं होतं आणि त्यात ही डबी निघालीच नव्हती. त्या दिवशी मी त्यांना काहीही दिलं नाही. वॉरफरिन बघणाऱ्या क्लिनिकशी आधी बोला, ते म्हणाले तर पुन्हा या, असं सांगून पाठवलं. लेक नाराज झाली, लांबून गाडी चालवत आली होती. पुढे क्लिनिकने रक्ततपासणीचं वेळापत्रक आखून दिलं आणि मग रात्री अडीच मिलिग्रॅम टीएचसीची (कॅनबिसमधला नशा आणणारा घटक) एक कॅप्सूल, इतक्यावर आम्ही सुरुवात केली. आता त्यांना झोप लागते. गुडघे अजून दुखतातच.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे या राज्यातली पद्धत. इथे डॉक्टर कॅनबिसचं प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही. तुम्हाला यादीतला एखादा गंभीर आजार आहे, एवढंच तो प्रमाणित करतो, आणि त्यावर राज्याचं कार्ड मिळतं. काय घ्यायचं, तेल की कॅप्सूल, किती आणि कधी, हे बहुतेक वेळा काउंटरवरच ठरतं. माणसाची सगळी औषधं एकत्र बघणारी शेवटची नजर आमची असते. ती नजर नीट असेल तर परिसरातल्या म्हाताऱ्या माणसांचं पडणं, अचानक इमर्जन्सीत जाणं यातलं काही तरी टळतं. ती नसेल तर तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं.

मुळात अशी ठिकाणं सुरू झाली तीच आजारी माणसांच्या गरजेतून. एड्सने सॅन फ्रान्सिस्को पोखरलं होतं तेव्हाची गोष्ट. अन्न पोटात टिकत नव्हतं, माणसं डोळ्यांदेखत झिजत होती. मेरी रॅथबन नावाच्या आजीबाई घरी कॅनबिसच्या ब्राउनी भाजून रुग्णांना फुकट वाटायच्या. त्यासाठी त्यांना अटकही झाली, तरी थांबल्या नाहीत. लोक त्यांना ‘ब्राउनी मेरी’ म्हणत. डेनिस पेरॉन यांनी तिथे रुग्णांना कॅनबिस मिळवून देणारा ‘बायर्स क्लब’ चालवला. त्यांचा जोडीदार एड्सने गेला होता. त्या क्लबमध्ये माणसं माल घेऊन लगेच निघत नसत, तिथे बसत, गप्पा मारत. ज्यांना घरच्यांनी दार बंद केलं होतं त्यांना तिथे कुणीतरी नावाने हाक मारायचं. याच मंडळींच्या खटपटीतून 1996 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात प्रस्ताव 215 मंजूर झाला आणि अमेरिकेत पहिल्यांदा एका राज्याच्या मतदारांनी वैद्यकीय वापराला मुभा दिली.

सांता क्रूझची गोष्ट तर मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम सांगते. तिथे ‘वाम’ नावाचा रुग्णांचा गट होता. स्वतःच लावायचं, स्वतःच खुडायचं आणि ज्याची जशी गरज तसं त्याला द्यायचं. 2002 च्या सप्टेंबरात केंद्रीय अंमली पदार्थ विभागाने छापा घालून त्यांची रोपं उपटून नेली. दोनच आठवड्यांत त्या गटाने थेट नगरपालिकेच्या आवारात रुग्णांना औषध वाटलं, आणि नगरपालिकेचे लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. गावाने या लोकांना आपलं मानलं होतं, कारण मरणाच्या दारातल्या शेजाऱ्यांची काळजी कोण घेतंय हे सगळे बघत होते.

आज पेन्सिल्व्हेनियात तसं बसायला जागा नाही. दारात गार्ड, कार्ड तपासल्याशिवाय आत प्रवेश नाही, सगळीकडे कॅमेरे, आणि आत बसून काहीही घ्यायला मनाई. नियम योग्यच आहेत. पण ती बसायची जागा गेली याची हळहळ मला वाटते. काही डिस्पेन्सऱ्या ती दुसऱ्या वाटेने भरून काढतात. आम्ही जवळच्या लायब्ररीच्या खोलीत पार्किन्सनचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांची बैठक घेतो. कार्ड असो वा नसो, कुणीही यावं. तिथे कॅनबिसचा विषय फारच थोडा वेळ निघतो. नवऱ्याला आंघोळीला टबमध्ये कसं उतरवायचं, शर्टाची बटणं काढून वेल्क्रो कोण लावून देतं, रात्री पाळी कशी लावायची, यावरच बोलणं होतं. एक गृहस्थ प्रत्येक वेळी जड मुठीचा चमचा घेऊन येतात आणि नव्या माणसाला धरून बघायला देतात, थरथर किती कमी होते ते पाहा म्हणून.

आता पैशांचं. आरोग्य विमा यातलं काहीही देत नाही. राज्याचं कार्ड 50 डॉलरचं, डॉक्टरची फी निराळी, माल पूर्ण आपल्या खिशातून. कमी उत्पन्नाच्या लोकांना कार्डाच्या शुल्कात सवलत मिळते, पण कार्ड हातात आलं तरी दर महिन्याचं औषध परवडेलच असं नाही. केमो चालू असताना नोकरी गेलेला माणूस काउंटरवर उभा राहून सर्वांत लहान बाटली कितीला म्हणून विचारतो, तेव्हा त्या दुकानाची खरी नियत दिसते. कॅलिफोर्नियात तर वेगळाच पेच झाला होता. 2018 पासून नवे कर लागू झाले आणि गरीब रुग्णांना फुकट दिलेल्या मालावरही कर भरावा लागू लागला. वर्षानुवर्षं मोफत वाटणारे गट बंद पडायला लागले. शेवटी 2019 मध्ये कायदा करून दान दिलेला माल करमुक्त केला, आणि त्या कायद्याला पेरॉन आणि ब्राउनी मेरी यांचंच नाव दिलं.

‘टाउनशिपला भरपूर कर मिळेल’ असं बैठकीत कुणी म्हणालं तर जरा थांबवा. इथे रुग्णाला विक्रीकर लागत नाही. उत्पादक डिस्पेन्सरीला विकतो तेव्हा राज्य त्याच्याकडून 5 टक्के कर घेतं आणि तो राज्याच्या निधीत जातो. तेव्हा कराच्या आशेने होकार देऊ नका.

चोऱ्यामाऱ्या वाढतील ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आत रोख रक्कम असते, कारण केंद्रीय कायद्यामुळे मोठ्या बँका आणि क्रेडिट कार्ड कंपन्या या धंद्याला हात लावायला तयार नसतात. तरी लॉस एंजेलिसमधला अनुभव उलटा आहे. 2010 मध्ये शहराने शेकडो डिस्पेन्सऱ्या बंद करायला लावल्या. पुढे संशोधकांनी आकडे तपासले, तर बंद झालेल्या दुकानांच्या अगदी लगतच्या भागात गुन्हे कमी व्हायच्या ऐवजी काही काळ वाढलेले दिसले. अंदाज असा की येजा थांबली, गार्ड गेला, रस्त्यावरचे डोळे कमी झाले. उपाहारगृहं बंद झाली तेव्हाही तसंच दिसलं होतं. यावरून डिस्पेन्सरी आली की गुन्हे घटतील असं मी म्हणत नाही. उजेड, कॅमेरे आणि जागता पहारा असलेलं दुकान ओसाड गाळ्यापेक्षा बरं, इतकंच.

ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या आणि हेरॉइनसारख्या नशेच्या बाबतीत आमच्याच धंद्यातले लोक फार मोठमोठं बोलतात, ते मला पटत नाही. 2014 मध्ये एक अभ्यास आला. वैद्यकीय कॅनबिसला मुभा देणाऱ्या राज्यांत 1999 ते 2010 या काळात ओपिऑइडने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे 25 टक्के कमी होते, असं त्यात होतं. ते वाक्य अजूनही पत्रकांवर छापलेलं सापडतं. पण 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच पद्धतीने 2017 पर्यंतचे आकडे जोडले तेव्हा चित्र चक्क उलटं झालं, मृत्यू जास्त दिसले. त्यांनी तेही कॅनबिसच्या माथी मारलं नाही. अशा आकड्यांवरून कुणाही एका माणसाबद्दल निष्कर्ष काढू नये, एवढंच ते म्हणाले. ओपिऑइडच्या व्यसनातून बाहेर पडणारा माणूस माझ्यासमोर बसला की मी पहिल्यांदा विचारते, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, ही व्यसनावरची औषधं, चालू आहेत ना? ती सोडून इथे आला असेल तर त्याला परत डॉक्टरकडे पाठवणं हेच माझं काम.

कुठे खरोखर उपयोग होतो? मोठ्या माणसांचं जुनाट दुखणं, केमोची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, यांसाठी चांगले पुरावे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी 2017 च्या अहवालात ते नोंदवलेत. मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांत सीबीडीचा (कॅनबिसमधला नशा न आणणारा घटक) उपयोग सिद्ध झालाय, त्याचं शुद्ध औषध 2018 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केलं. चिंताविकार या राज्याच्या यादीत 2019 मध्ये आला आणि तेव्हापासून त्याच कारणाने कार्ड काढणारे खूप वाढले. इथे माझं मत कडक आहे. जास्त टीएचसीने काहींची चिंता वाढते, धडधडतं, झोप उडते. पंचविशीतल्या पोराला सर्वांत कडक फूल सवलतीत विकणं ही रुग्णसेवा नव्हे, मग दारावरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

तुमच्यासारख्या वाचकांसाठी दोन गोष्टी ठळकपणे सांगते, कारण आपल्या लोकांना त्या कुणी वेळेवर सांगत नाही. तुम्ही किंवा घरातलं कुणी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असाल तर कार्ड काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. राज्याने परवानगी दिली तरी इमिग्रेशन केंद्रीय कायद्याने चालतं, आणि 2019 च्या एप्रिलमध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की असा वापर नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येऊ शकतो. दुसरं, गाडी. पेन्सिल्व्हेनियात कार्ड असलं तरी रक्तात टीएचसीचा अंश सापडला तर नशेत गाडी चालवल्याचा खटला होऊ शकतो, आणि तो अंश परिणाम ओसरल्यावरही बराच काळ राहतो. मी हे पहिल्याच भेटीत सांगते. ऐकून काही जण तसेच उठून जातात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

आता बैठकीचं. शाळा आणि पाळणाघरापासून 1000 फुटांचं अंतर कायद्यानेच ठेवावं लागतं, आणि जमीनवापराच्या बाबतीत डिस्पेन्सरीला त्या भागातल्या इतर दुकानांचेच नियम लागतात. ‘आम्हाला नको’ एवढं म्हणून ती अडवणं कठीण जाईल. त्यापेक्षा मालकांना उभं करून विचारा. फार्मासिस्ट प्रत्यक्ष दुकानात असेल की फक्त स्क्रीनवर? पहिल्या भेटीला किती वेळ ठेवलाय? काउंटरवरच्या मुलांना विक्रीवर कमिशन आहे का? पैसे नसलेल्या रुग्णांसाठी दर महिन्याला नक्की काय बाजूला काढणार? नातवंडं असलेल्या घरात कुलूपबंद डबी देणार की नुसता सल्ला? उत्तरं लेखी मागा, आणि वर्षभराने पुन्हा येऊन हिशेब द्यायचं कबूल करून घ्या. कमिशनच्या प्रश्नावर मालक घुटमळला, तर मी तुमच्या जागी असते तर विरोधात बोलले असते.