दीड वर्षाच्या मांजराला अडथळ्यांची शर्यत शिकवता येईल का?

हो, नक्की येईल, फक्त हुकमावर नाही, शिकारीच्या ओढीने. काठीला बांधलेलं पीस त्याच्या नाकापुढे सरकवत आधी एकच बोगदा पार करायला लावा, मग रिंग, मग बुटकी उडी. अडथळा ओलांडला त्या क्षणीच खाऊचा कण द्या, उशिरा दिलेला खाऊ कशाबद्दल होता हे त्याला कळत नाही. पाचेक मिनिटांत थांबा. कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन या मांजरांची नोंदणी आणि प्रदर्शनं करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या अडथळा-स्पर्धांतही मालक असंच खेळणं दाखवत मांजराला बंदिस्त रिंगणातून धावतं करतो, आणि तिथे बिनवंशावळीची घरगुती मांजरंही उतरतात. मात्र अनोळखी जागी अंग चोरून बसणाऱ्या मांजराला स्पर्धेला नेऊ नका. घरातला बोगदाच त्याला पुरे.