स्वीडनला येताना कराचा हिशेब कसा मांडायचा, आणि आईबाबांचं काय

तुझे प्रश्न आधी थोडक्यात मांडते. गोथेनबर्गमध्ये नोकरी ठरत आली आहे. बायको पुण्यात आयटीत आहे, मुलगी अडीच वर्षांची, आईबाबा साताऱ्याला. तू विचारतोस की पगारातून तीसेक टक्के कर कापला जाणार, वर बहुतेक वस्तूंवर २५ टक्के व्हॅट, मग या बदल्यात हातात येतं काय? हा समाजवाद आपल्याला झेपेल का? आणि पुढेमागे आईबाबांना आणता येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी दोन्हींची किल्ली तिथेच आहे. आईबाबांना कायमचं आणता येणार नाही असंच धरून चाल. वर्क परमिटवर जोडीदार आणि मुलं येतात. आईवडील भेटीच्या व्हिसावर येतील, एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस, आणि त्यासाठी ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढावा लागेल. इथे आजारी पडले तर दवाखान्याचा खर्च त्या विम्यातून किंवा तुझ्या खिशातून.

ऐकायला हे कोरडं वाटतं, पण यामागे एक पक्का विचार आहे. आपल्याकडे २००७ चा कायदा आहे: मुलं आईवडिलांना सांभाळत नसतील तर आईवडील न्यायाधिकरणाकडे जाऊन निर्वाहभत्ता मागू शकतात. स्वीडनमध्ये मोठ्या झालेल्या मुलावर आईवडिलांना पोसायची कायदेशीर जबाबदारीच नाही. ती शासनाने स्वतःकडे घेतली आहे. म्हातारपणी पेन्शन द्यायची, घरी मदतनीस पाठवायची, अगदीच होईनासं झालं की वृद्धांच्या निवासात जागा द्यायची, ही सगळी नगरपालिकेची आणि सरकारची कामं. तुझे आईबाबा या व्यवस्थेत कधी नव्हते, त्यामुळे ते तिच्या बाहेरच राहतात.

आमच्या मजल्यावर एक आजी राहतात, नव्वदीच्या आसपासच्या. दिवसातून तीन वेळा नगरपालिकेची मदतनीस येते. सकाळी अंघोळ घालते, पायमोजे चढवते, गोळ्या देते आणि वीस मिनिटांत पुढच्या घरी जाते. आजींचा मुलगा ट्रामने अर्ध्या तासावर राहतो आणि दर रविवारी येतो. मी एकदा विचारलं, मुलाकडे का नाही राहत? त्या म्हणाल्या, "त्याने मला अंघोळ घालावी अशी माझी इच्छा नाही. त्याने कॉफीला यावं एवढीच आहे." मुलगा येतो तेव्हा दोघं खरंच कॉफी पितात, पत्ते खेळतात. त्या घरात मी कुणाला चिडलेलं पाहिलेलं नाही.

लार्श ट्रेगोर्ड या इतिहासकाराने या व्यवस्थेला राज्याधारित व्यक्तिवाद म्हटलं आहे. माणूस नवऱ्यावर, बापावर, मुलावर, मालकावर किंवा एखाद्या दात्यावर अवलंबून राहू नये म्हणून प्रत्येकाचं नातं थेट शासनाशी जोडायचं. १९७१ पासून इथे नवराबायकोच्या कमाईवर वेगवेगळा कर लागतो, १९७४ मध्ये पालकत्वाची रजा बापांनाही खुली झाली, आणि १९७९ मध्ये मुलांना मारणं घरातसुद्धा बेकायदेशीर ठरलं. या तिन्हीत एकच धागा आहे: घराच्या आतल्या प्रत्येक माणसाला शासन स्वतंत्र माणूस मानतं. तुझ्या बायकोसाठी हे फार महत्त्वाचं आहे. ती घरी बसली तर तुझ्या करात त्याची काही सवलत नाही, आणि बेकारी भत्ता, आजारपणाचा भत्ता, कमाईवर ठरणारी पेन्शन यांत तिची पाटी कोरीच राहील. तिच्या नोकरीचा विचार पहिल्या दिवसापासून कर.

आता कर. दरमहा किती गेले आणि त्याबदल्यात किती आले, असा हिशेब मांडलास तर तुला नेहमी तोटाच दिसेल. तरुण, निरोगी आणि कमावता असण्याच्या वयात माणूस घेण्यापेक्षा देतोच जास्त. पैसा लहानपणी आणि म्हातारपणी, आजारपणात आणि बेकारीत परत येतो. पगारातून जाणाऱ्यातला मोठा भाग, सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास, नगरपालिकेला आणि प्रांताला जातो. शाळा, पाळणाघर, दवाखाना आणि त्या आजींची मदतनीस त्यातूनच चालतात. ठरावीक उत्पन्नाच्या वर गेलास तर केंद्राचे आणखी २० टक्के लागतील. तुला न दिसणारा भाग वेगळाच: तुझ्या पगाराच्या वर मालक ३१.४२ टक्के भरतो.

या व्यवस्थेचा खरा कणा मात्र करदर नाही. घेणारे कोण, यात तो कणा आहे. मुलांचा भत्ता १९४८ पासून सरसकट सगळ्यांना मिळतो, आज दरमहा १,२५० क्रोनर, मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत. व्होल्वोच्या मोठ्या अधिकाऱ्यालाही तेवढाच आणि बस चालवणाऱ्या बाईलाही तेवढाच. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, तलाठ्याची सही असलं काही नाही. शाळेतलं दुपारचं गरम जेवण पहिली ते नववी प्रत्येक मुलाला फुकट. आपल्याकडे पिवळं, केशरी आणि पांढरं रेशनकार्ड असतं आणि पांढरं कार्डवाला सरकारी योजनेकडे परक्याची गोष्ट म्हणून बघतो. त्याची मुलं सरकारी शाळेत नसतात, तो सरकारी इस्पितळात जात नाही, मग तिथलं छप्पर गळलं तर ओरडणार कोण? इथे ओरडणारे सगळेच आहेत, कारण सगळ्यांची मुलं तिथेच आहेत. मला या देशाबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो.

महाराष्ट्राला हा विचार अगदीच परका नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क म्हणून देणारं असं राज्य तेव्हा दुसरं नव्हतं. तुझ्या पुण्याच्या पगारपत्रकावर दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये त्याच योजनेच्या खर्चासाठी आला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या हक्कासाठी दिलेले ते पैसे. विचार मोठा होता. पण देणारा आणि घेणारा कधी एका रांगेत उभे राहिले नाहीत, आणि आज पगारपत्रक बघणाऱ्या कितीजणांना तो कर कशासाठी होता हे माहीत असतं?

समाजवादाचं म्हणशील तर ती धास्ती सोड. कारखाने खाजगी आहेत. वारसा कर २००४ मध्ये गेला, संपत्ती कर २००७ मध्ये. किमान वेतनाचा कायदाच नाही: पगार कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना आपसांत ठरवतात. १९३८ च्या साल्टशोबाडेन करारापासून सरकारने या वाटाघाटींत शक्यतो पडायचं नाही अशी रीत पडली. हा देश मुळात श्रीमंतही नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सत्तर-ऐंशी वर्षांत दहा लाखांहून जास्त स्वीडिश माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली. माणसं गमावलेल्या देशात सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते पेअर आल्बिन हान्सन यांनी १९२८ मध्ये संसदेत देश म्हणजे सगळ्यांचं घर ही कल्पना मांडली: घरात कुणी लाडका नसतो आणि कुणी सावत्र नसतो.

आता कामाचं. तुझी नेमणूक स्थानिक आहे की पुण्याची कंपनी तुला पाठवतेय, हे आधी पक्कं कर. भारत आणि स्वीडन यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. कंपनीने पाठवलेल्या माणसाचा पीएफ भारतातच चालू राहू शकतो, पण मग इथल्या पेन्शनमध्ये त्याचं खातं भरत नाही. वर्षभर किंवा जास्त राहणार असशील तरच कर खात्याकडे लोकसंख्या नोंदणी होऊन व्यक्तिक्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाशिवाय बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळं अडतं.

पालकत्वाची ४८० दिवसांची रजा तू ऐकली असशील. ती तुम्हाला पूर्ण मिळणार नाही. मूल दोन वर्षांचं झाल्यावर देशात आलं तर दोघांना मिळून १०० दिवस. मुलीला ताप आला की मात्र घरी राहायचं आणि पगाराच्या साधारण ८० टक्के घ्यायचे, हा हक्क ती बारा वर्षांची होईपर्यंत आहे. पाळणाघराची फी पहिल्या मुलासाठी उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपर्यंत, तीही एका कमाल मर्यादेत. शाळेत गेली की मातृभाषेचा तास मागता येतो. पाच मुलं जमली आणि शिक्षक मिळाला तर नगरपालिकेने मराठी शिकवायला हवं. पालकांनी एकत्र येऊन अर्ज करावे लागतात, ते नक्की कर.

बेकारी विमा आपोआप नसतो. आ-कासा नावाच्या निधीचं सभासद व्हावं लागतं; हे निधी बहुतेक कामगार संघटनांशी जोडलेले असतात. आल्या आल्या दोघंही सभासद व्हा, कारण पगाराच्या प्रमाणात भत्ता मिळायला बराच काळ सभासदत्व लागतं. पण नीट समजून घे: परमिट नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली तर ठरावीक मुदतीत दुसरी शोधावी लागते, भत्ता मिळत असला तरी. परदेशी माणसासाठी या व्यवस्थेत ही फट आहे आणि ती रुंदावतेय. २०२३ च्या नोव्हेंबरात परमिटसाठी लागणारा किमान पगार एका फटक्यात १३,००० वरून २७,३६० क्रोनरवर नेला. तुझ्या पगाराला त्याची अडचण होणार नाही, पण वारा कुठला आहे ते कळतं. नियम अर्जाच्या दिवशी स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावरच वाच.

दवाखान्याच्या बाबतीत धीर धरायला शिकावं लागेल. तापाला अल्वेडॉन, म्हणजे आपली क्रोसिन, आणि पाणी, बाकी चार दिवसांनी बघू. तज्ज्ञाकडे ९० दिवसांत भेट मिळावी अशी हमी कायद्यात आहे, आणि ती अनेकदा पाळली जात नाही. गंभीर आजारात मात्र पैसे किती लागतील हा प्रश्न कुणी विचारत नाही. हे ज्याने आपल्याकडच्या खाजगी इस्पितळाच्या बिलासाठी शेत गहाण पडताना पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

निर्णय तुम्हा दोघांचा. माझं मत विचारशील तर ये. पण येण्याआधी साताऱ्याची व्यवस्था लाव. आईबाबांचा आरोग्य विमा त्यांचं वय वाढायच्या आत काढ, रात्री बेरात्री धावून जाईल असा जवळचा माणूस ठरव आणि त्याच्याशी मोकळेपणाने बोल, वर्षातून दोनदा अचानक निघायला लागेल इतके तिकिटाचे पैसे बाजूला ठेव. इथल्या म्हाताऱ्यांसाठी तू पगारातून भरशीलच. तुझ्या म्हाताऱ्यांसाठीची रक्कम त्याच्या खालीच लिही, आणि मग हातात किती उरतात ते बघून कंपनीला पगाराचा आकडा सांग.